ओलं लुगडं धुऊ नका

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. म्हणाल्या, सिस्टर, नोकरीतल्या गोड आठवणी लिहून द्या. बाळं, बारशी, कुणीतरी प्रेमानं आणून दिलेले चिकू, असं काहीतरी. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची अठरा डहाणू आणि तलासरीच्या मधल्या पाड्यांवर एका उपकेंद्रात काढली. गोड फार नाही माझ्याकडे. राग पोतंभर आहे, तो चालेल का? त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

सुरुवात टीव्हीपासून करते, कारण माझी स्वतःची सूनसुद्धा तिथूनच शिकून आली होती. मालिकेत बाई जिना उतरताना थबकते, पायाखाली पाणी, एक किंकाळी, गाडी, आणि जाहिराती संपल्या की दुपट्यात तीन महिन्यांचं गुबगुबीत बाळ. अहो, शेकड्यांनी बाळंतपणं केली मी, एकही असं झालं नाही. डोंबलाची किंकाळी! पाणी जाताना दुखत नाही. काही जणींना तर कळतही नाही. आणि तिथेच सगळा घोळ होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोटात बाळ पाण्याच्या पिशवीत असतं. ती पिशवी बाळंतपणात कधीतरी फुटते, कधी कळा चालू असताना, कधी कळांच्या आधीच. आमच्या भागात त्याला सरळ 'पाणी गेलं' म्हणतात. एखादीचं भसकन जातं, हंडा कलंडावा तसं. पण बऱ्याच जणींचं थेंब थेंब जातं, दिवसभर नुसती ओल. मग वाटतं लघवी झाली असेल. शेवटच्या महिन्यात बाळाचं डोकं खाली दाबत असतं, शिंकलं तरी थेंब सुटतो, त्यामुळे तसं वाटण्यात बाईची चूक नाही. फरक एवढाच की लघवी रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही. कोरडा कपडा घेऊन बसा, उठा, खोका, पुन्हा ओलं होतं. आणि त्याला लघवीचा वास येत नाही.

आता खरी गोष्ट. पाणी गेलं म्हणजे लगेच कळा येतीलच असं नाही. बहुतेकींना दिवसभरात सुरू होतात, काहींना होत नाहीत. पण पिशवी फुटली की बाळाच्या घराचं दार उघडं पडलं. जितका वेळ जाईल तितका आत जंतू शिरायचा धोका वाढतो. म्हणून कळा असोत नसोत, पाणी गेलं की दवाखाना गाठायचा. दिवस भरले नसतील तर दुप्पट घाईनं गाठायचा. कळांची वाट बघत घरी बसायचं नाही.

हे मी आज एवढं ठणकावून सांगतेय. २०१४ साली मीच एका पोरीला याच्या उलट सांगितलं होतं.

तिचं नाव रमी. एकोणीस-वीस वर्षांची असेल, पहिलंच पोट. सासू जमनी तिला दर महिन्याला तपासणीला घेऊन यायची, डोंगराच्या अंगाच्या पाड्यावरून चार किलोमीटर चालत. जमनी काटक बाई, बोलणं कमी, पण नजर अशी की समोरच्यानं आपलं आवरून बसावं. तिकडे सगळे एकमेकांना 'तू'च म्हणतात, म्हाताऱ्यालाही आणि कलेक्टरलाही. जमनी मला 'तू' म्हणायची ते तसं. मीही तिला 'तू' म्हणायचे, पण माझं 'तू' वरून खाली यायचं. हे तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं.

भातकापणीचे दिवस होते आणि उपकेंद्रात लसीकरणाचा वार. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, एक बाळंतपणाचं टेबल आणि मी. डॉक्टर तिथे नसतो. ओट्यावर पंधरा-वीस पोरं गळा काढून रडत होती. तेवढ्यात जमनी रमीला घेऊन आली. रमी न्हाऊन आली होती, केसांना तेल, अंगावर पिवळं लुगडं, त्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. जमनी म्हणाली, हिचं पाणी गेलं. मी रमीला टेबलावर घेतलं. पोट बघितलं, बाळाचे ठोके ऐकले, छान होते. खाली बघितलं तर कोरडं. विचारलं, कळा येतात का? नाय म्हणाली. मग मी म्हटलं, लघवी असेल गं. जा घरी, कळा आल्या की ये.

दोन मिनिटं लागली असतील. पाणी कधी गेलं, किती गेलं, रंग काय होता, एक प्रश्न विचारला नाही. बाळाचं डोकं खाली आलेलं असलं की बूच बसल्यासारखं होतं, बाई आडवी झाली की कोरडी दिसू शकते. हे मला शिकवलेलं होतं आणि मी विसरलेही नव्हते. मला घाई होती. बाहेर पोरं रडत होती.

तिसऱ्या दिवशी रमीला जीपमध्ये आडवी घालून आणलं. अंगात ताप फणफणत होता. लुगड्याचा वास दारातूनच आला, तो वास नर्सला सांगावा लागत नाही. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, त्याच जीपनं पुढे मोठ्या दवाखान्यात नेली. बाळ जन्मलं ते रडलं नाही. मुलगा होता. रमी पंधरा दिवस तापात होती, वाचली. त्यानंतर तिला पुन्हा दिवस राहिले नाहीत.

मी पाड्यावर भेटायला गेले तेव्हाही, खरं सांगते, मी ओरडायलाच गेले होते. चूक आपल्याकडे येतेय असं दिसलं की आम्ही आधी आवाज चढवतो, ही आमच्या खात्याची जुनी खोड. जमनी कुडाला टेकून बसली होती. मी म्हटलं, तुम्ही नीट सांगत का नाही? लुगडं ओलं झालं होतं ना, मग तेच नेसून यायचं, मला दिसलं तरी असतं. तिला सजवून आणलीत कशाला?

जमनीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तूच ओरडली होतीस ना बाय? आवणीत आलो तवा. चिखलाचा वास मारता म्हणालीस. म्हणून तिला आंघोळ घातली. लुगडं धुतलं. पेटीतलं नेसवलं, मंग आणली."

मला आठवलं. आषाढात, आवणी चालू असताना, दोघी शेतातून तशाच आल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल. भात लावता लावता अर्धा दिवस मोडून चार किलोमीटर चालत आल्या होत्या, आणि मी पंधरा जणींसमोर त्यांना म्हटलं होतं की दवाखान्यात येताना माणसासारखं येत जा. माणसासारखं! मग त्या माणसासारख्या आल्या. ओढ्यावर लुगडं धुतलं, त्यातच सगळं वाहून गेलं, पाण्याचा रंग, वास, आणि बाळ धोक्यात होतं की नाही याचा एकुलता एक पुरावा. मी त्यांच्या स्वच्छतेवर विश्वास ठेवला.

त्यानंतर मी चौकशी करत सुटले. जिथे जाईन तिथे विचारायचे, पाणी गेलं तर तुम्ही आधी काय करता? अकरा पाड्यांवर एकच उत्तर. आंघोळ घालतो, लुगडं धुतो, चांगलं नेसवतो, मग निघतो. एकीनं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात आयाबाई नाक धरते म्हणून. दुसरीनं सांगितलं, सिस्टर टेबलावर घेत नाही म्हणून. म्हणजे ही चाल त्यांच्या आज्या-पणज्यांची नव्हे, आम्ही लावलेली. भिंतीवर स्वच्छतेची पोस्टरं आम्ही चिकटवायची, शिव्या आम्ही द्यायच्या, आणि मग मीटिंगमध्ये 'लोक अडाणी आहेत, उशिरा येतात' म्हणून अहवालही आम्हीच लिहायचा. उशीर का होतो? आंघोळीचं पाणी तापवण्यात होतो, आमच्यासाठी! हे त्या मीटिंगमध्ये मी बोलले तर साहेब म्हणाले, सिस्टर, विषयाला धरून बोला.

मग मी माझ्या परीनं विषयाला धरलं. आमचा गणवेश तेव्हा पांढरी साडी. माझ्या घरी जुन्या, विटक्या सहा-सात साड्या पडून होत्या. त्या फाडल्या, हातरुमालाच्या दुप्पट तुकडे केले, उकळून कडक उन्हात वाळवले. सातवा महिना लागला की प्रत्येकीला चार तुकडे द्यायचे. सांगायचं, अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटलं की हा कपडा घडी करून घे. नुसता बाहेरून घे, आत काही घालायचं नाही, बोटसुद्धा नाही. अर्ध्या तासानं बघ. पाण्यासारखा किंवा फिका पिवळसर असेल तर न घाबरता निघ, किंचित गुलाबी असेल तरी चालेल, पण निघ. हिरवा किंवा मातकट असेल तर बाळानं आत शी केलीय, त्याला त्रास होतोय, एक मिनिट दवडू नको. लाल रक्त असेल, घाण वास असेल, ताप असेल, बाळ हलायचं कमी झालं असेल, तरी तसंच. आणि पाण्याबरोबर दोरीसारखं काही बाहेर आल्यासारखं वाटलं तर ती नाळ असते, तिला हात लावायचा नाही, गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून ढुंगण वर करून थांबायचं, गाडी तुझ्याकडे येईल. हे शेवटचं सांगितलं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसा, मी म्हणायचे, पण लक्षात ठेवा.

वेळेचीही पंचाईत. घड्याळ कुणाच्या घरी नाही, मोबाइल नवऱ्याच्या खिशात. म्हणून सांगितलं, पाणी गेलं तेव्हा काय चाललं होतं तेवढं ध्यानात ठेव. मग उत्तरं यायला लागली. कंपनीची बस गेली तवा. शाळेची खिचडी वाटली तवा. मला तेवढं पुरे होतं. किती तास झाले ते त्यावरून मी लिहायचे आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचे.

आणि शेवटी एकच वाक्य, प्रत्येक घरात, प्रत्येक सासूला: ओलं लुगडं धुऊ नका, घेऊन या. पाड्यांवर माझं नाव पडलं 'ओल्या लुगड्याची बाय'. मला राग नाही आला. त्याहून वाईट नावं पडतात नर्सांची.

या सांगण्याचे प्रतापही झाले. एकदा सकाळी एक बाप्या मोटारसायकलवरून आला, घामाघूम. प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि अभिमानानं उभा राहिला. आत ओलं लुगडं. मी म्हटलं, अरे, आणि बायको कुठंय? म्हणाला, घरी. तू म्हणालीस लुगडं घेऊन या. कर्म माझं! कपाळावर हात मारला, आणि त्याच्याच मागे बसून त्या खडबडीत रस्त्यानं त्याच्या घरी गेले. पाणी स्वच्छ होतं, कळा नुकत्या लागल्या होत्या, संध्याकाळपर्यंत मुलगी झाली. त्या माणसाला मी वाटभर शिव्या दिल्या, पण एक गोष्ट खरी, त्यानं लुगडं धुतलं नव्हतं.

पाड्यांवर चार वर्षांत हे अंगवळणी पडलं. जड गेलं ते पुढच्या पायरीवर. मोठ्या दवाखान्यात माझ्या बाया ओला कपडा घेऊन पोचायच्या आणि तिथे पहिला प्रश्न तोच: कळा येतात का? येत नसतील तर बाकावर बसा. कपडा पुढे केला की नाक मुरडायचं. माझ्या चिठ्ठ्या घडी न मोडता परत आलेल्या मी बघितल्या आहेत. मी फोन करायचे, भांडायचे, वर तक्रार करायचे. दोन-चार दिवस फरक पडायचा, मग ये रे माझ्या मागल्या.

२०१९ सालच्या सुरुवातीला आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसत होते. डहाणू, तलासरी, दोन्हीकडे. कधी दिवसातून दोन-तीनदा जमीन गुरगुरायची, भांडी वाजायची, भिंतींना भेगा. लोक घराबाहेर मंडप घालून राहत होते. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष. जमनीची धाकटी सून वनिता नवव्या महिन्यात होती. तिला मी तुकडे दिले होते, पण तिच्यापेक्षा जास्त वेळा जमनीला बजावलं होतं. जमनी दर वेळी नुसती मान हलवायची.

एका दुपारी मी डहाणूला मीटिंगमध्ये होते. धक्का तिथेही जाणवला, सगळे साहेब पटापट बाहेर. पंधरा मिनिटांनी रमीचा फोन आला. तिच्याकडे आता मोबाइल होता. तिनं सांगितलं ते असं: धक्का बसला तशी घरातली सगळी अंगणात पळाली. वनिताही पळाली आणि अंगणात उभी राहिली तर पायावरून पाणी. शेजारच्या बाया भेदरलेल्या होत्या, त्यांना हसायला निमित्त मिळालं. वनिता घाबरून मुतली, असा एकच गलका. पोरगी शरमेनं मेल्यासारखी झाली आणि लुगडं धुवायला मागच्या दगडाकडे निघाली. जमनीनं तिचा दंड धरला. लुगडं नाकाला लावलं. बायांना म्हणाली गप बसा. मग वनिताला पांढरा तुकडा दिला, खाली बसवलं आणि खोकायला लावलं.

मी विचारलं, कपड्याचा रंग काय? रमी म्हणाली, "हिरवट हाय, सिस्टर. सालीच्या मुगाच्या डाळीचं पाणी असतं तसा." बाळ हलतं का विचारलं, तर सकाळपासून कमी हलतंय म्हणाली. मी म्हटलं, आंघोळ नको, काही धुऊ नका, तिला डाव्या कुशीवर निजवा, मी गाडी पाठवते, लुगडं आणि कपडा दोन्ही घ्या आणि निघा. गाडी मिळाली. तासाभरात त्या मोठ्या दवाखान्यात पोचल्या. त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही, सरकारी की खासगी तेही नाही. नाव लिहिलं की बाकीचे सुटकेचा निःश्वास सोडतात.

पुन्हा रमीचा फोन. या वेळी आवाज बारीक. घरी जा म्हणतात, सिस्टर. मी म्हटलं, तिथल्या सिस्टरला फोन दे. ती आली. दमलेली होती, हे मला आवाजावरून कळलं, पण म्हणून काय झालं? म्हणाली, "अहो, सकाळपासून धक्क्याला घाबरून सगळ्याच येताहेत. हिचंही भीतीनं झालंय. कळ एक नाही, ठोके ठीक आहेत, कोरडी आहे." मी विचारलं, कपडा बघितला का? म्हणाली, ती पिशवी होय? वास मारत होती, बाहेर पायरीवर ठेवायला लावली.

लघवी असेल. कोरडी आहे. कळा नाहीत. वास मारतो. एकेक शब्द माझा होता. चार वर्षांपूर्वीचा माझाच आवाज फोनवरून मला ऐकू येत होता. मी तिला काय बोलले ते छापता येणार नाही. तिनं फोन ठेवला.

मीटिंग सोडून मी निघाले. शेअर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरला सांगितलं, भरायची वाट बघू नकोस, उरलेल्या सीटा माझ्या. वाटभर मी मनात भांडण रचत होते. त्या सिस्टरला काय बोलायचं, डॉक्टरला काय बोलायचं, कुणाला फोन लावायचा. आणि खाली, तळाशी, एकच भीती होती. हे बाळ गेलं तर जमनीच्या दारात मी पुन्हा कुठल्या तोंडानं जाऊ?

पोचले तर धक्क्यांमुळे दवाखान्याचे निम्मे पेशंट आवारात होते. बाह्यरुग्णांचं टेबलसुद्धा बाहेर झाडापाशी मांडलेलं. मी पदर खोचून तिकडे निघाले, आणि बघते तर स्ट्रेचर आत चाललेलं, त्यावर वनिता, शेजारून एक तरुण डॉक्टर जवळजवळ पळत, आणि एक सिस्टर सलाईन धरून. फोनवरची ती हीच. टेबलापाशी जमनी उभी. मी भांडायला आले आणि भांडण संपलेलं.

काय झालं ते रमीनं सांगितलं. फोन ठेवल्यावर सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली. वनिता रडत उठली, घरी जाऊ म्हणाली. जमनी पायरीकडे गेली, पिशवी उचलली आणि डॉक्टरच्या टेबलाशी आली. तो काहीतरी लिहीत होता. तिनं तो पांढरा तुकडा त्याच्या उघड्या रजिस्टरवर पसरला, दोन्ही हातांनी सारखा केला. डॉक्टरनं पेन उचललं, ओरडायला तोंड उघडलं. जमनी म्हणाली, "एका सुनेचं मी धुतलं. तिचं पोर गेलं. हे नाय धुतलं. बघ."

आणि त्यानं बघितलं. उघड्यावर, लख्ख उन्हात, हिरवा रंग लपणार कुठे? रमी म्हणाली, तो खुर्ची पाडून उठला.

ऑपरेशन करून बाळ काढलं. नाकातोंडातून ते हिरवं पाणी ओढून काढावं लागलं, मग मुलगी रडली. बारीकच रडली, पण रडली. तिला चार दिवस ऑक्सिजनवर ठेवलं आणि ती वाचली.

डॉक्टर बाहेर आला. मला म्हणाला, मॅडम, आम्हाला कळा विचारायचीच सवय आहे. मग मी त्याला बोलले. चांगलं पाऊण तास बोलले. त्याच्या वाट्याचं बोलले आणि माझ्या वाट्याचंही त्यालाच बोलले, जे २०१४ साली मला कुणीतरी बोलायला हवं होतं. पोरगा उभा राहून ऐकत होता. पुढे त्यानं तपासणीच्या टेबलावर हातानं लिहून चिकटवलं, 'पाणी कधी? रंग काय? कपडा?' तो तिथून गेल्यावर तो कागद टिकला की नाही, मला माहीत नाही. विचारायला जायची हिंमत होत नाही, कारण नसेल टिकला तर पुन्हा भांडावं लागेल आणि आता मला पेन्शन आहे, अधिकार नाही.

संपादकबाई, तुम्हाला गोड हवं होतं, तर मुलगी रडली तिथे थांबायला हवं होतं मी. पण त्यानंतरचं सांगते.

जमनी आवारात खाली बसली होती, मांडीवर ती पिशवी. मी शेजारी बसले. मग तिनं पिशवी पुढे केली आणि विचारलं, "बाय, आता धुऊ का?"

चार वर्षांत त्या बाईनं मला एक शब्द दोष दिला नव्हता. आणि आता परवानगी मागत होती. मी मान हलवली.

रमी मागे उभी होती. तिनं सासूच्या हातातून पिशवी घेतली, मी धुते म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या नळावर गेली. मी तिच्या मागे गेले. तिनं दगडावर उकिडवं बसून आधी लुगडं धुतलं, मग तो पांढरा तुकडा घेतला, माझ्याच साडीचा. हिरवट पाणी दगडावरून गटारात चाललं होतं. ती बघत होती. वर न बघता तिनं विचारलं, "माझ्या टायमाला पण असाच रंग होता काय, सिस्टर?"

एकतीस वर्षांत मला हजारो प्रश्न विचारले गेले आणि बहुतेकांना मी ठोकून उत्तर दिलं. मी म्हटलं, "माहीत नाही, रमी. मी विचारलंच नव्हतं."

तिनं मान हलवली. तुकडा पिळला, झटकला, आणि लुगड्याशेजारी कुंपणावर वाळत घातला.